तुम्ही मला सांगितलेल्या वेळा

समाजभवन, लाखांदूर
मार्गशीर्ष, रविवार

मनकर्णा टिकाराम हातझाडे यांस,

टिकाराम दौलत हातझाडे, निवृत्त शाखा अभियंता, लघुसिंचन, याचा नमस्कार पोहोचावा. तुमच्या नावाआधीची जागा मी जाणूनबुजून कोरी सोडली आहे. तुमच्या वहिनी ललिताबाई यांच्या मते तुम्ही सवाष्ण गेलात, म्हणून ‘सौ.’ लिहिण्यास हरकत नाही. मतदारयादी दुरुस्त करण्यास आलेल्या गृहस्थांच्या मते ‘कै.’ लिहावे लागते. दोन्ही पक्षांनी आपापल्या म्हणण्याला आधार दिलेला नाही, म्हणून निर्णय तूर्त प्रलंबित ठेवला आहे. तुमच्या प्रकृतीची चौकशी करणे पत्रलेखनाच्या रीतीला धरून असले तरी परिस्थितीला धरून नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. साखर (रक्तातली) आटोक्यात आहे. साखर (स्वयंपाकघरातली) तुम्ही ‘बेसन’ असे लिहिलेल्या डब्यात ठेवीत असा, हा शोध लागेपर्यंत माझा चहा बिनसाखरेचाच होता, आणि ती आटोक्यात असण्याचे कारण बहुधा हेच असावे.

आता तक्रारीकडे वळतो. तुम्ही गेल्यापासून भंडारा जिल्ह्यातील वक्तशीरपणा समूळ नष्ट झाला आहे. हे मी दुःखाच्या भरात लिहीत नसून निरीक्षणाच्या आधारे लिहीत आहे. तीस वर्षांहून अधिक काळ आपण उभयता या जिल्ह्यातील लग्ने, बारशी, वास्तुशांती यांना जात होतो, आणि आपण मांडवात पाऊल टाकावे, मी घड्याळ पाहावे, आणि भटजींनी मंगलाष्टकांना सुरुवात करावी, असा अनुभव इतक्या नियमाने येत असे की त्याला योगायोग म्हणणे अशास्त्रीय ठरले असते. (एसटीची गोष्ट वेगळी. ती सरकारी आहे.) मी येणार हे कळल्यावर यजमान आपोआप शिस्तीत येतात, असा माझा निष्कर्ष होता. निवृत्तीच्या समारंभात मी तो जाहीरपणे मांडला, शिस्त ही संसर्गजन्य असते असेही म्हणालो. तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून तोंडाला पदर लावला होता आणि तुमचे खांदे हलत होते. तुम्हाला भरून आले, असे मी शेजारच्या कार्यकारी अभियंत्यांना सांगितले.

निमंत्रणांचे खाते आपल्या घरी तुमच्याकडे होते, हे तुम्हाला स्मरत असेलच. तुमचे बंधू हिरालाल यांच्या लग्नाची पत्रिका मी एकदा लाल शाईने शुद्ध करून त्यांना परत पाठवली होती. (एकंदर बावीस चुका. ‘आपले आगमन प्रार्थनीय’ हेसुद्धा त्यांना धड छापता आले नव्हते.) तेव्हापासून पत्रिका माझ्या हाती पडू नये अशी व्यवस्था तुम्ही केली. पत्रिका तुम्ही वाचणार, वेळ तुम्ही मला सांगणार, आणि मी त्या वेळी तयार राहणार. या पद्धतीत मला कधीही दोष आढळला नाही. तुम्ही गेल्यावर मात्र पत्रिका थेट माझ्याकडे येऊ लागल्या. पहिली आली सिहोऱ्याहून, माझे जुने सहकारी श्री. बोरकर यांच्या रीनाच्या लग्नाची. लग्न सकाळी अकराचे. मी आदल्या दिवशी तुमसरला मुक्काम करून ठीक वेळेला मांडवात हजर झालो. मांडवात शिडीवर चढून कापड ठोकणारा एक इसम, आणि खाली मी. तो वरून म्हणाला, “काकाजी, शिडी धरा जी जरा, हालून राहिली.” मी शिडी धरली. बराच वेळ धरली. शेवटी बोरकर स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळून, तोंडात दातवण घालून बाहेर आले आणि मला पाहून चकित होत्साते म्हणाले, “अरे, हातझाडे साहेब! रातीच आले का जी मुक्कामाले?”

लग्न लागले तेव्हा सूर्य मावळतीला होता. मी घरी येऊन कामिनीला सांगितले की तुझी आई गेली आणि जिल्हा हाताबाहेर गेला.  तिने फक्त माझ्या हातातली पत्रिका घेतली आणि म्हणाली, “बाबा, इथून पुढं पत्रिका मीच पाहात जाईन.” तिच्या या वाक्यात मला तेव्हा केवळ कर्तव्यभावना दिसली.

आता मुख्य विषय. आज कामिनीचे साक्षगंध होते. मोहाडीच्या गहाण्यांकडचे हे स्थळ पावसाळ्याआधी तुम्ही स्वतः जाऊन तोंडी पक्के करून आला होता, आणि परत आल्यावर “पोरगा समजदार आहे, त्याचे बाबा त्याच्याहून समजदार आहेत” एवढाच अहवाल मला दिला होता. ललिताबाई म्हणतात की घरात माणूस गेले की लग्नकार्य वर्षाच्या आत तरी उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे. मी या मताचा नाही. परंतु भुपेंद्र गहाणे तीन वर्षे थांबेल, त्याचे आईवडील थांबणार नाहीत, हे मलाही कळते. कामिनीने तोंडाने काहीच सांगितलेले नाही. मात्र मोहाडीचा उल्लेख झाला की ती वरणात मीठ दोनदा घालते. तेव्हा हे साक्षगंध मोडता कामा नये, तुम्ही जोडलेले हे शेवटचे काम माझ्या हातून बिघडता कामा नये, याची मला पुरेपूर जाणीव होती, आणि म्हणूनच सर्व नियोजन मी स्वतःकडे घेतले. (तुम्ही आत्ता पुन्हा तोंडाला पदर लावला असेल, तर तो कृपया काढावा.)

नियोजन निर्दोष होते. पाहुण्यांचे आगमन अकराला, विधी साडेअकराला, पंगत एकला, पत्रावळी ऐंशी. आमंत्रित किती, त्यांपैकी सरासरीने किती येतात, याचा हिशेब करून ऐंशी हा आकडा मी काढला होता, आणि त्यात एकही पत्रावळ इकडे किंवा तिकडे करण्याचे कारण मला दिसत नव्हते. कामिनी म्हणाली, “बाबा, थोडंसं मार्जिन ठेवा जी. वेळेत बी, जेवनात बी.” मी तिला समजावून सांगितले की मार्जिन म्हणजे आपण केलेल्या हिशेबावर आपणच दाखवलेला अविश्वास होय. त्यावर तिने (एम.एस्सी. झालेली मुलगी वादात अशी सापडते) मलाच विचारले की तलावाची पाळ पाण्याच्या सगळ्यांत वरच्या पातळीहूनही उंच का बांधता? मी सांगितले, तलावात येणारे पाणी कोणाला विचारून येत नाही. त्याच्या हाताला घड्याळ नसते. माणसांच्या हाताला असते. ती म्हणाली, “घड्याळ असून बी मानसं पान्यासारखीच येतात जी.” मी हे वाक्य शोभिवंत असले तरी असिद्ध ठरवून चर्चा संपवली.

आज सकाळी दहालाच मी समाजभवनात आलो. खुर्च्या लावल्या होत्या, फुले आली होती, मागच्या अंगणात आचारी मंगरू याची चूल पेटली होती. अकरा वाजले. मी दारात उभा राहिलो, कोट घालून. मोहाडीहून कोणी नाही. लाखांदूरहूनही कोणी नाही. तुमचे बंधू, ज्यांचे घर इथून हाकेच्या अंतरावर आहे, तेही नाहीत. साडेअकरा झाले. मंगरूने मागून येऊन विचारले, “साहेब, पाहुने कुठवर आले?” त्याला काय सांगावे? बारा वाजले, आणि आता मला तर्काने चालणे भाग होते. वधूपक्षाने बोलावले, वेळ लेखी कळवली, तरी वरपक्ष आला नाही. ज्या जिल्ह्यात मंगलाष्टके माझ्या घड्याळावर सुरू होत असत (सिहोऱ्याचा प्रकार मी नंतर अपवाद ठरवला होता), तिथे तासभर उशीर याचा अर्थ एकच निघतो. आईविना उरलेले घर, म्हातारा बाप, विचार बदलला असेल, आणि तोंडावर सांगायला संकोच वाटला असेल. अशा वेळी समोरच्याला संकोचातून मोकळे करणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य होय. मी मोबाईल काढला आणि मोहाडीचे श्री. गहाणे यांना पुढील संदेश पाठवला: ‘सन्माननीय महोदय, नियोजित वेळी आपण उपस्थित न राहिल्याने आपला नकार गृहीत धरण्यात येत आहे. आमच्या मनात किंतु नाही. कळावे, लोभ असावा.’ संदेशात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. तेवढे समाधान मी त्या क्षणी उपभोगले.

थोड्या वेळाने हिरालाल आले, न्हाऊन, पावडर लावून, गाणे गुणगुणत. “काय जी भाऊजी, लवकरच येऊन बसले वाटते?” मी त्यांना शांतपणे कळवले की आता घाई करण्याचे कारण नाही, मोहाडीकरांचा नकार आला आहे. “आला? कोनाजवळ आला जी?” मी म्हटले, आला नाही, गृहीत धरला आहे. आणि संदेश दाखवला. हिरालाल यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मटकन खुर्चीत बसले. “भाऊजी, कोनाले काय लिवून बसले जी तुमी? अकरा सांगतलं म्हंजे अकराले मानूस आंग धुते! बारा वाजता घरून निंगते! मोहाडी काय इथं आहे का जी, मंधात भंडारा आहे, पवनी आहे, चहाची टपरी आहे!” मी म्हटले, आजवर आम्ही उभयता शेकडो समारंभांना गेलो, एकही समारंभ माझ्या घड्याळाच्या पुढे किंवा मागे गेलेला नाही. त्यावर ते जे बोलले ते मी मूळ बोलीतच देतो, कारण शुद्ध करून लिहिले तर मलाच पटणार नाही. “कारन आमची बाई तुमाले बेराच वेगळी सांगे ना जी, टाइमच वेगळा! पत्रिकेवर अकरा राहिले तं तुमाले तीन सांगे. तुमी जाऊन मांडवात डोळे वटारून बसता, मंग पोरीच्या बापाले घाम सुटते, म्हनून!”

त्याच वेळी कामिनी आणि ललिताबाई दारातून आत येत होत्या. कामिनीने मामाला डोळ्यांनी गप्प केले, पण तोपर्यंत माहितीचा तलाव पुरता फुटला होता. आता लपवण्यात अर्थ नाही असे पाहून तुमच्या माहेरच्या मंडळींनी जी पद्धत माझ्यासमोर उलगडली, तशी मी सरकारी नोकरीत आयुष्य घालवूनही कधी पाहिलेली नाही. हिरालाल यांना तुम्ही प्रत्येक कार्याची वेळ दोन तास अलीकडची सांगत होता. ललिताबाईंना (त्यांच्या निऱ्या बसत नाहीत, म्हणून) तीन तास अलीकडची. मला मात्र पलीकडची, आणि तीही ठरावीक नाही. यजमान कोण, गाव किती दूर, मी त्या दिवशी कितपत तापलेला आहे, यावर ते अंतर कमीजास्त होई. ललिताबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं मार्जिन काढाचं म्हंजे बाई आंधी फोन करे. भटजी आला का, नवरदेव आंघोळीले गेला का, सारं विचारे. मंग तुमाले म्हने, चला, वेळ झाली.” तीस वर्षे मी ज्याला माझा प्रभाव समजत होतो, तो तुमचा फोन होता. सावलीचा हिशेब करावा आणि झाडच दुसऱ्याच्या शेतात निघावे, असा प्रकार झाला.

परंतु तेव्हा मानहानी करून घेण्यास सवड नव्हती. श्री. गहाणे यांचा फोन लागत नव्हता. भुपेंद्रचा लागत नव्हता. पवनीकडच्या रस्त्याला रेंज नसते असे हिरालाल म्हणाले. गाड्या उलट्या मोहाडीकडे फिरल्या असतील असे ललिताबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. कामिनी नव्या साडीत पहिल्या रांगेत येऊन बसली. रडली नाही. रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, “आई असती तं तिनं आज तुमाले चार वाजताची बेरा सांगितली असती.” मी कोट काढून घडी करून ठेवला. एक वाजला. दोन वाजले. लोक येत राहिले, खुर्च्या भरत राहिल्या, आणि प्रत्येक जण मला विचारी, “पाहुने नाई आले का अजून?”, आणि प्रत्येकाला हिरालाल माझ्या आधीच सांगत, “आलेच, वळनावर आहेत.” खोटे इतक्या सहजतेने बोलणाऱ्या माणसाबद्दल मला त्या वेळी जो आदर वाटला, तो कृपया त्यांच्या कानावर घालू नये.

अडीचच्या सुमारास वळणावर खरोखरच धूळ उडाली. तीन गाड्या. पहिल्या गाडीतून श्री. गहाणे उतरले, पोट सावरत, हसत. मी पुढे झालो आणि क्षमायाचनेचे वाक्य मनातल्या मनात पूर्ण रचून तोंड उघडले, तर त्यांनी मला मिठीच मारली. (सार्वजनिक ठिकाणी. सर्वांसमक्ष.) मी विचारले, संदेश पोहोचला नाही का? “पोहोचला ना जी! भंडाऱ्यातच पोहोचला. पन मी उघडलाच नाई.” का? तर ते म्हणाले, “विहीनबाई आमच्या घरी आल्या होत्या ना, पावसाच्या आंधी, तवा मले बाजूले घेऊन सांगून ठेवलं होतं. म्हने, ‘आमच्या घरून लिवलेलं काई आलं तं लगेच वाचू नोका जी. चहा घ्याजा, पान खाजा, मंग वाचजा. मानूस मनाचा चांगला आहे, पन त्यायले लिवाची घाई राह्यते.’ मी पान पवनीत खाल्लं. आता वाचू का?” आणि खिशातून मोबाईल काढू लागले. मी त्यांचा हात धरला. कोणाचा हात मी इतका घट्ट धरल्याचे मला आठवत नाही. म्हटले, वाचण्यासारखे काही नाही, वेळेची चौकशी केली होती.

साक्षगंध झाले. कामिनीच्या बोटात अंगठी गेली तेव्हा घड्याळात किती वाजले होते, ते मी पाहिले नाही. पंगतीबद्दल थोडक्यात सांगतो. मी ऐंशी पत्रावळी सांगितल्या होत्या. माझ्या ऐंशीवर कामिनीने मंगरूला गुपचूप थोडे वाढवून सांगितले. कामिनीने सांगितले आहे हे ठाऊक नसल्याने हिरालाल यांनी वेगळे वाढवून सांगितले. ललिताबाईंचा दोघांवरही भरवसा नसल्याने त्यांनी आपले निराळे सांगितले. आणि तिघांचे ऐकून घेतल्यावर मंगरूने, “हातझाडे साहेबांचं काम, कमी पडलं तं कोर्टात नेतीन,” असा विचार करून स्वतःच्या पदरचे आणखी घातले. परिणामी मागच्या अंगणात भाताचा जो डोंगर उभा राहिला, त्याला भरल्या तलावासारखा सांडवा काढण्याची वेळ आली. समोरच्या थांब्यावर साकोलीच्या एसटीची वाट पाहणारे सर्व प्रवासी जेवले. नंतर एसटी आली, तेव्हा चालक आणि वाहक जेवले. तोपर्यंत गाडी थांबवून ठेवण्यात आली, आणि त्याबद्दल एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. मी त्यांना बुंदी वाढली. वाहकाने माझ्याकडे बघून विचारले, “काकाजी, लग्न कवा आहे जी? आमचीच ड्युटी लावून घेतो.”

आता सगळे गेले आहेत. मी समाजभवनातल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून हे लिहीत आहे. तुमच्या पद्धतीला माझी तात्त्विक मान्यता नाही, हे नोंदवून ठेवतो. सर्वांनी सर्वांना निरनिराळी वेळ सांगायची आणि त्यातून कार्य वेळेवर व्हायचे, याला गणित म्हणत नाहीत. याला काय म्हणतात, हे मला ठाऊक नाही.

आपला,
टिकाराम दौलत हातझाडे

ता. क. – हे पत्र मी साक्षगंधाचा वृत्तान्त कळवण्यासाठी लिहीत आहे असा तुमचा समज झाला असल्यास तो बरोबर नाही. वृत्तान्त तुमच्यापर्यंत ललिताबाईंमार्फत माझ्या आधी पोहोचला असणार. मला एकच गोष्ट विचारायची आहे. उन्हाळ्यात नागपूरला डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही एकट्याच गेलात. दहाची वेळ देऊन दुपारपर्यंत बसवून ठेवल्याबद्दल मी त्या वेळी बाहेर खिडकीवर लेखी तक्रार देत होतो. तुम्ही बाहेर येऊन मला म्हणालात, “दोन वर्षं तं काहीच होत नाही म्हनतात.” मी ते प्रमाण मानले. त्यावर पुढची योजना केली. पुढल्या थंडीत रामेश्वरला जायचे ठरवले, गाडीच्या वेळाही पाहून ठेवल्या. पोळ्याच्या आधीच तुम्ही गेलात. डॉक्टर चुकले, असे मी आजपर्यंत धरून चाललो होतो, आणि त्यांना मी एक कडक पत्रही लिहून ठेवले होते. आज दुपारी हिरालाल बोलले, तेव्हापासून ते पत्र पाठवण्याजोगे राहिलेले नाही. डॉक्टरांनी तुला काय सांगितले होते, आणि मला सांगताना तू त्यात किती मिळवलेस?

ता. क. २ – उत्तराला मुदत नाही. आणि आकडा कळवायचा झालाच, तर तुला वाटेल तेवढा बदलून कळवलास तरी चालेल.

ता. क. ३ – वैशाखातल्या लग्नाचा मुहूर्त आजच ठरला आणि पत्रिका लगेच छापायला गेली. मी तपासायला मागितलेली नाही. लग्न संध्याकाळी सातला आहे असे कामिनी मला म्हणाली. हिरालाल यांना तिने दुपारी दोन सांगितल्याचे मी शेजारच्या खोलीतून ऐकले. मी सातला तयार राहीन.

ता. क. ४ – घरी आल्यावर लिहीत आहे. समाजभवनाच्या खुर्च्या मोजून रचल्या, दिवे मालवले, दार लावले, कुलूप ओढून पाहिले. किल्ल्या अध्यक्षांच्या घरी परत केल्या. द्यायची वेळ केव्हाच टळून गेली होती. कोणी काही म्हणाले नाही.